सिताराम मर्चंडे यांचं ‘टु बी प्रिसाइज’

पडदा वर जातो तो खडखडाट करत, कारण हा पडदा मखमलीचा नाही, पत्र्याचा आहे. दिघ्यात, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून वर चढत जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी इसाक मुकादम आपल्या दुकानाचं शटर वर ढकलतो. आत काचेची खोपटी, तिच्यात काळा फोन आणि लाल आकड्यांचं मीटर. बाजूला झेरॉक्सचं यंत्र, त्याच्या डोक्यावर कुराणातल्या सोनेरी आयतीची तसबीर. बाहेर एसटीडी-पीसीओचा पिवळा फलक. आणि पायरीच्या डाव्या अंगाला घडीचं एक टेबल, टेबलावर रेक्झिनच्या खोळीत झाकलेला टाइपरायटर. रंगमंच सजला आहे, उजेड पडला आहे. फक्त मुख्य पात्राची एन्ट्री बाकी.

ते पात्र कोपऱ्यावरून येतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खोबरेल लावून चापून बसवलेले केस. चाल अशी, की आतल्या केबिनमधून साहेबांनी नुकतीच हाक मारली आहे आणि आपण निघालो आहोत. हे सिताराम मर्चंडे. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर टायपिस्टची नोकरी केली. कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं यंत्रं विकली, पत्रे विकले, आणि टाइपरायटर कुणी घेईना म्हणून तो सितारामना दिला. सितारामनी तो नव्या नवरीसारखा टॅक्सीतून घरी आणला.

"जय भीम, इसाकभाई."

"सलाम, मर्चंडेसाहेब. आज कोणाचं प्रिसाइज?"

रोजचा हा संवाद. रोज सितारामना तो नवा वाटायचा आणि रोज ते खोळ काढताना गालातल्या गालात हसायचे.

इसाक मूळचा श्रीवर्धनकडचा. बाप मुंबईत लाकडाच्या वखारीत होता, भाऊ आखातात गेले, इसाक फोन घेऊन दिघ्यात बसला. त्याला हिशेब कळायचा, माणसं कळायची, गुजराती आणि मल्याळी गिऱ्हाइकांशी दोन शब्द त्यांच्या भाषेत बोलता यायचे. एकच गोष्ट त्याला कधी उमगली नाही, ती म्हणजे सितारामांचं ‘टु बी प्रिसाइज’.

त्याचा इतिहास सिताराम रंगवून सांगत. कारखान्याचे मॅनेजर मद्रासकडचे. खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे. सांगता सांगता खिडकीशी थांबायचे, एक बोट वर करायचे, आणि म्हणायचे, ‘टु बी प्रिसाइज...’ मग क्षणभर शांतता. पंख्याचा आवाज. सितारामांची बोटं कळांवर अधांतरी.

"त्या शांततेत, इसाकभाई, अख्खं ऑफिस उभं राहायचं. चपराशी हलायचा नाही."

"आणि मग? पुढं काय बोलायचे?"

"पुढं असायचं काहीतरी. पण खरा रुबाब त्या आधीच्या जागेत होता."

तो रुबाब सितारामनी उचलला आणि नोकरी सुटल्यावर दिघ्याच्या गोरगरिबांना मोकळ्या हातानं वाटला. रेशनकार्डाचा अर्ज असो, शाळेच्या दाखल्याचा असो, गावच्या भावाला पाठवायची तार असो, पहिलं वाक्य ठरलेलं. ‘टु बी प्रिसाइज, आय ॲम अ व्हेरी पुअर मॅन.’ ‘टु बी प्रिसाइज, माय सन इज अ गुड बॉय.’ लोकांना ते आवडायचं. कागदाला वजन येतं म्हणायचे. एका बाईंनी तर आपल्या अर्जात ते वरही घाला आणि सहीजवळही घाला, असा आग्रह धरला होता, आणि सितारामनी घातलं होतं.

मग पाइपाचं प्रकरण झालं. गल्लीत कुठंतरी पाइप फुटला, नळाला पाणी येईना. सितारामनी सगळ्यांच्या वतीनं अर्ज ठोकला. ‘टु बी प्रिसाइज, द पाइप इज लीकिंग समव्हेअर.’ अर्ज परत आला. कुणीतरी लाल पेन्सिलीनं मार्जिनमध्ये एकच शब्द लिहिला होता, ‘कुठे?’

नेमकी त्याच वेळी शर्मिला दुकानात होती. ही मागच्या गल्लीतली मुलगी, ऐरोलीच्या एका इंग्रजी शाळेत शिकवायला लागलेली, चाचणीच्या पेपरांच्या झेरॉक्स काढायला आली होती. तिनं अर्ज वाचला. हसू आलं ते तिनं ओढणीत लपवलं, पण इसाकला दिसलं आणि सितारामनाही दिसलं.

"बोल की. शिक्षिका आहेस."

"रागावणार नाही ना काका? हे वाक्य नुसतं नसतं वापरायचं. आधी काहीतरी ढोबळ सांगायचं, मग हे म्हणायचं, आणि मग तीच गोष्ट नेमकी करून सांगायची. आधी सैल, मग गाठ आवळायची. म्हणजे बघा, मी दिघ्यात राहते. टु बी प्रिसाइज, विहाराच्या मागच्या गल्लीत राहते."

सितारामनी त्या लाल शब्दावर बोट ठेवलं.

"म्हणजे साहेब चुकत होते?"

"साहेब नव्हते चुकत, काका..." एवढं बोलून शर्मिला थांबली, आणि पेपर गोळा करून घाईनं निघून गेली.

त्या दिवसापासून माणूस गोंधळला तो गोंधळलाच. चार दिवस त्यांनी ते वाक्य टाकलंच नाही, तर अर्ज त्यांना बिनकुंकवाचे वाटू लागले. मग ठरवलं, शर्मिला म्हणते तसं करून बघू. एक गिऱ्हाईक रजेचा अर्ज घेऊन आलं. सितारामनी टाइप केलं, ‘ही इज इल. टु बी प्रिसाइज...’ आणि मान वर केली.

"काय होतंय?"

"पोटात दुखतंय."

"पोटात कुठं?"

"सगळीकडं."

"सगळीकडं म्हणजे सुरुवात कुठून होते?"

"साहेब, रजा एका दिवसाची हाय," तो माणूस रडकुंडीला येऊन म्हणाला, "डागदर पण एवढं इचारत नाय."

इसाक काचेच्या खोपटीत पोट धरून हसला. पण संध्याकाळी शटर ओढताना सिताराम हळूच म्हणाले, "आवळायला गेलो की हातात काहीच राहत नाही, इसाकभाई. लोकांना आपलं दुखणंसुद्धा नीट माहीत नसतं." आणि इसाकचं हसू तिथंच विरलं.

त्याच फाल्गुनात, शिमगा आटोपल्यावर, चांगुणाबाई दिघ्याला आल्या.

त्या सितारामांच्या पत्नी. लग्नाला जन्म लोटला, पण संसार सगळा सुट्ट्यांचा. कोकणातल्या किती घरांत असं असतं. नवरा मुंबईच्या अंगाला, आठ जणांच्या खोलीत. बायको गावाला, सासूसासऱ्यांजवळ, भाताच्या दोन वाफ्यांजवळ. शिमग्याला भेट, मे महिन्यात भेट, बुद्धपौर्णिमेला जमलं तर भेट. आता म्हातारी माणसं गेली, घराला कुलूप लागलं, आणि लांज्याच्या बाजूच्या त्या वाडीतून चांगुणाबाई ट्रंक घेऊन नवऱ्याच्या खोलीवर राहायला आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, रस्ता ओलांडता येत नव्हता, आणि सगळ्या गल्ल्या एकाच तोंडवळ्याच्या दिसत होत्या.

दुपारी त्या डबा घेऊन यायच्या. पण दुकानापर्यंत कधी नाही. गल्लीचं वळण होतं, तिथं भिंतीला टेकून उन्हात उभ्या राहायच्या, सिताराम उठून जाईपर्यंत.

"वहिनी, सावलीत या ना," इसाक ओरडायचा. "स्टूल आहे, पंखा आहे."

"नको भावजी, हितनं दिसतं."

काय दिसतं, हे इसाकला कधी समजलं नाही. वळणावरून त्याचा फलक दिसायचा, टेबल दिसायचं, पण ते तर जवळ आल्यावर जास्त चांगलं दिसलं असतं. त्यानं सितारामना विचारलं. ते म्हणाले, "गावची आहे, बुजते." आणि डबा उघडला.

चौदा एप्रिल उजाडला. शहाण्णव साल. दिघ्यात रात्रीच पताका लागल्या होत्या. विहारासमोरच्या मैदानात मंच उभा राहिला, भोंगे बांधले गेले. सकाळी वंदना, दुपारी भोजनदान, आणि ऊन कललं की मिरवणूक. इसाकनं दुकान अर्ध्यावर ओढून घेतलं आणि सितारामांबरोबर निघाला. दरवर्षी निघायचा, जसे सिताराम ईदला त्याच्याकडे शीरखुर्मा प्यायला यायचे.

ढोल, लेझीम, निळीचे ढग. बायकांची रांग पुढं, सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या साड्या. चांगुणाबाईंची ही शहरातली पहिलीच जयंती. नवी पांढरी साडी नेसून त्या रांगेत थोड्या बिचकत चालल्या होत्या आणि दर दोन पावलांनी मागं वळून नवरा आहे ना, ते बघत होत्या.

मग सितारामना एका कापडी फलकावरचं इंग्रजी स्पेलिंग खटकलं. ते फलक धरणाऱ्या पोरांना थांबवून समजावू लागले. पोरं ‘हो काका, हो काका’ करत राहिली. इसाक हसत उभा राहिला. आणि दोघांनी वर बघितलं तेव्हा रांग पुढं निघून गेली होती, मागून दुसऱ्या नगराची मिरवणूक येऊन मिळाली होती, आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला होता.

"चांगुणा?" सिताराम म्हणाले, जणू ती शेजारीच आहे.

ते पुढं धावले, मागं धावले. जी बाई वळून बघे ती दुसरीच निघे. अंधार पडायला अवकाश होता, पण त्या रस्त्यावर ट्रकांची रीघ कधी थांबत नाही, आणि बाईला घरचा पत्ता सांगता येत नव्हता. ‘आमची खोली’, एवढाच तिचा पत्ता.

दोघं मंचाकडे आले. माइकवर नामदेव होता, मंडळाचा कार्यकर्ता, एरवी कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. आवाज मोठा आणि दिल त्याहून मोठं.

"टेन्शन घेऊ नका काका. दोन मिनिटांत शोधतो. वर्णन सांगा."

"चांगुणा सिताराम मर्चंडे."

"ते नाव झालं. नेसलंय काय?"

"पांढरी साडी," सिताराम ठामपणे म्हणाले.

नामदेवनं मैदानाकडे बघितलं. मग सितारामांकडे बघितलं. तरी बिचाऱ्यानं माइक तोंडाशी धरला आणि भोंग्यातून पुकारा झाला, "पांढऱ्या साडीतल्या एक बाई हरवलेल्या आहेत, कुणाला दिसल्यास मंचाजवळ आणून सोडावं."

दिघ्यातले लोक मदतीला पक्के. थोड्याच वेळात मंचाजवळ पांढऱ्या साडीतल्या बायकांची ही झुंबड. कुणी स्वतःहून आलेल्या, कुणी हाताला धरून आणलेल्या, कुणी नुसत्याच गंमत बघायला आलेल्या. पहिल्या होत्या विमलबाई, ज्यांच्याकडे विहाराच्या किल्ल्या असायच्या आणि ज्यांना सगळा दिघा ओळखायचा.

"मला कोनी आनलं? मी कदी हरवले?"

"मावशी, तुमी पांढऱ्या साडीत आहात म्हणून..."

"मेल्या, तुजी आई कुटल्या साडीत हाय आज? जा, तिला पन आन!"

हशा पिकला. सिताराम हसले नाहीत. ते एकेका चेहऱ्यासमोर जाऊन उभे राहत होते, आणि इसाकला दिसत होतं की दर चेहऱ्याशी त्यांना क्षणभर खात्री वाटत नाही.

"कपाळाला निळा टिळा आहे," त्यांनी मंचावर चढून भर घातली.

"काका, आज कपाळाला निळा टिळा माझ्या पण आहे," नामदेव म्हणाला. "उंची सांगा."

"मध्यम."

"मध्यम म्हणजे?"

"टु बी प्रिसाइज, मिडियम."

"रंग?"

"सावळा. म्हणजे शेतात असताना सावळा. आता जरा..." ते अडखळले. "नाकात नथ."

"नथ नाही हो," इसाकच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी चमकी घालतात. लाल खड्याची."

सितारामनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"मला काय माहीत? आल्यापासून बघतोय."

"फोटो आहे का फोटो?" नामदेवनं विचारलं.

"आहे ना. कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाचा आहे. पण त्यात..." सितारामांचा आवाज खाली गेला. "त्यात ती नाही."

नामदेवनं कपाळाचा घाम पुसला. माणूस कामाचा, वाट काढणारा. म्हणाला, "असं करा. दुकानात जा, मोठ्या अक्षरांत वर्णन टाइप करा. इसाकभाई झेरॉक्स काढतील. आमची माणसं ऐरोलीपर्यंत आणि इकडं विटाव्यापर्यंत वाटत जातील. फक्त असं काहीतरी लिहा, की बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हीच ती. दुसरी कुणी नाही."

शटर पुन्हा वर गेलं. सितारामनी खोळ काढली, कागद चढवला, रोलर फिरवला.

"मराठीतच लिहू या हातानं," इसाक म्हणाला. "लोकांना वाचायचंय."

"इंग्रजीत वजन पडतं," ते म्हणाले. सवयीनं म्हणाले. कळा खटखटल्या. ‘वन वुमन इज मिसिंग. टु बी प्रिसाइज...’

आणि ते थांबले.

झेरॉक्सचं यंत्र तापत घूं घूं करत होतं. दारात नामदेव उभा. दूर ढोल. सितारामांची बोटं कळांवर अधांतरी राहिली, जशी कारखान्यात राहायची. पण आता खिडकीशी साहेब नव्हते. पुढचे शब्द सांगणारं कुणी नव्हतं. आयुष्यभर त्यांनी त्या वाक्यानंतरची जागा मिरवली होती, आणि आज पहिल्यांदा ती जागा त्यांच्याकडे काहीतरी मागत होती.

इसाकला वाटलं, आता हा माणूस रडेल. त्यापेक्षा त्याला शिव्या दिलेल्या बऱ्या.

"अरे काय माणूस आहात! जन्माची बायको आणि तुम्हाला तिची एक खूण सांगता येत नाही?"

"मी तिला पाहिलंय कितीसं, इसाकभाई?" सिताराम कागदाकडेच बघत म्हणाले. "सुट्टीपुरतं. घरात गेलो की आईबाप, भाऊबंद, पाव्हणे. ती चुलीपुढं. मला तिची पाठच जास्त माहीत. समोरून बघितली ती फक्त एसटीतून."

"एसटीतून?" नामदेव दारातून पुढं आला. "म्हणजे स्टँडवर? काका, त्या तुम्हाला न्यायला स्टँडवर यायच्या का?"

"यायची. दर खेपेला."

"मग त्या बसस्टॉपवरच जाणार! आमच्या पोरांनी स्टॉप बघितला पण. तिथं नाहीत."

"नाही, ती स्टँडवर नसते." सितारामनी मान वर केली. डोळे दुकानात नव्हते, कुठंतरी लांज्याच्या पुढं लाल मातीच्या रस्त्यावर होते. "सगळी माणसं थांब्यावर असायची. ती नाही. थांब्याच्या अलीकडं एक वळण होतं, आंब्याखाली, तिथं असायची. उन्हात असायची, पावसात असायची. मी खिडकीतून ओरडायचो, पुढं जा, थांब्यावर उभी राहा, कशाला मरतेस एवढं लांब. तर म्हणायची..."

"हितनं दिसतं," इसाक म्हणाला.

सिताराम त्याच्याकडे बघतच राहिले.

"हितनं दिसतं," इसाक पुन्हा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला त्याचा अर्थ लागला. रोज दुपारी गल्लीच्या वळणावर डबा घेऊन उन्हात उभी असलेली बाई त्याला आता कुठं दिसली. थांब्यावर उभ्या माणसाला गाडी आली की दिसते. वळणावर उभ्या माणसाला ती येताना दिसते. "मर्चंडेसाहेब, ठाण्याकडून बस येते ती कुठून वळते?"

टाइपरायटरवर कागद तसाच राहिला. तिघं धावले. इसाकचा एक पाय जरा आखूड, तरी तो पुढं. बसथांबा मागं पडला, बंद पडलेल्या कारखान्याची लांबलचक भिंत लागली, आणि भिंत जिथं संपते, जिथं रस्ता वळसा घेतो, तिथं करंजाच्या झाडाखाली चांगुणाबाई उभ्या होत्या. ठाण्याच्या दिशेनं तोंड. हातात वर्तमानपत्रात बांधलेली पुरीभाजी.

सिताराम धापा टाकत समोर उभे राहिले. चांगुणाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या मागं, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

"आवो, तुमी चालत कसं आलात?"

"चालत? मग कसा येणार?"

"आजवर कदी चालत आलात काय? जवा येता तवा गाडीनंच येता. म्हणून हिकडं येऊन उभी राहिले." त्यांचा आवाज एकदम चिरकला. "कुटं हरवला होतात? किती गाड्या गेल्या. एकीत पन दिसला नाय. माज्या जिवाचं पानी झालं ना!"

"मी हरवलो होतो?"

"मग काय मी? मी तर हितंच होते."

नामदेव तोंडावर रुमाल धरून बाजूला झाला. सिताराम इसाककडे बघू लागले, जणू निकाल त्यानं द्यायचा आहे. इसाकनं बराच विचार केला, आणि त्यालाही सांगता येईना, या दोघांत हरवलं कोण होतं.

"धरा," चांगुणाबाई पुरीभाजी पुढं करत म्हणाल्या. "गार झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सितारामनी रोलर फिरवून तो अर्धा कागद काढला, आणि घडी घालून खिशात ठेवला. पण दुपारी ते टेबल सोडून उठले, गल्लीच्या गटाराकाठानं पिठाच्या गिरणीपर्यंत वाकून वाकून चालत गेले, आणि पायजम्याला चिखल लावून परत आले. पाइपाचा अर्ज पुन्हा टाइप झाला. ‘द पाइप इज लीकिंग. टु बी प्रिसाइज, अंडर द लोअर स्टेप ऑफ द फ्लोअर मिल.’ या वेळी अर्ज परत आला नाही, माणसं आली. शर्मिलानं तो वाचून "काका, एकदम बरोबर," असं म्हटलं, तेव्हा सितारामनी मान डोलावली. पण त्यांचा चेहरा काही फार खात्रीचा नव्हता. आणि ‘टु बी प्रिसाइज, आय ॲम अ व्हेरी पुअर मॅन’ हे त्यानंतरही अधूनमधून व्हायचंच. "कुणी मागितलं तर काय करू?" ते म्हणायचे. "लोकांना आवडतं."

एक मात्र फरक पडला. दुपारी वळणावर पांढरा-हिरवा पदर दिसला की ते अर्ज अर्धा टाकून उठायचे. कधी कधी तर दिसायच्या आधीच उठायचे.

दोन वर्षांनी त्यांच्या छातीनं दगा दिला. रंगाच्या कारखान्यातली हवा, डॉक्टर म्हणाले. नामदेवनं कंपनीची जीप आणली, स्ट्रेचरवरून लिफ्टनं त्यांना कळव्याच्या इस्पितळात वरच्या मजल्यावर नेलं. नाकाला नळी, डोळे मिटलेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इसाक थर्मास घेऊन आला. लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढला. वरच्या दोन मजल्यांच्या मध्ये, जिथं जिना वळतो, तिथं कठड्याला टेकून चांगुणाबाई उभ्या होत्या. तिथून खाली फाटक दिसत होतं आणि वर वॉर्डाचं दार.

"वहिनी, वर बाक आहे ना. बसा की जरा."

त्यांनी नुसती मान हलवली. इसाकनंही पुन्हा विचारलं नाही.

आत गेला तेव्हा सिताराम जागे होते. श्वास तुटत होता. त्यांनी ओठांनीच विचारलं, चांगुणा?

"आहेत. बाहेर आहेत," इसाक म्हणाला.

सितारामांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. उत्तर त्यांना सैल वाटलं असावं. हा जिना त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, ते इथं डोळे मिटून आले होते. तरी त्यांनी चादरीखालून हात बाहेर काढला, एक बोट वर केलं, आणि तसेच थांबले. पंख्याचा आवाज. शेजारच्या खाटेशी नर्स उभी होती, तीही हलली नाही. इसाकनं वाट पाहिली. पुढं रात्र होती, आणि त्या रात्रीत सिताराम पुन्हा काही बोलले नाहीत. पण त्या घटकेला, नळीच्या आडून, अगदी स्पष्ट, ते बोलले.

"बाहेर आहे. टु बी प्रिसाइज, इसाकभाई, जिन्याच्या वळणावर."